सोनागाछीचे श्रेय आणि डॉ. स्मरजित जाना: संशोधनाचा प्रभाव कशात धरायचा?

सांगलीकर (धागाकर्ता)
एचआयव्ही प्रतिबंधाच्या क्षेत्रात ज्यांच्या कामाचा दाखला जगभर दिला जातो, त्या डॉ. स्मरजित जाना यांचे मे २०२१ मध्ये कोविडने निधन झाले. १९९२ मध्ये ते कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत पाहणीसाठी गेले, तेव्हा तिथे निरोधचा वापर ३ टक्क्यांच्या आसपास होता. दशक सरता सरता तो ८० टक्क्यांच्या पुढे गेला. मुंबईच्या वेश्यावस्त्यांत एचआयव्हीचे प्रमाण ५० टक्क्यांच्या घरात पोहोचले असताना सोनागाछीत ते १० टक्क्यांच्या आसपास राहिले. वर्तनाविषयीच्या संशोधनाने प्रत्यक्षात फरक पाडल्याचे इतके ठळक उदाहरण आपल्या देशात दुसरे नसावे, असे माझे मत आहे.

याचे कारण असे, की त्यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. माहिती दिली की बाई स्वतःला जपेल, हा तोवरचा सर्वसाधारण समज. वस्तीतला व्यवहार मात्र निराळा होता. निरोध नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला एकीने नकार दिला, तर तो शेजारच्या दारात जातो; तिची कमाई बुडते, पण मालकिणीचा हिस्सा आणि सावकाराचे व्याज काही चुकत नाही. नकार सगळ्यांनी मिळून दिला तरच तो टिकतो, हे ओळखून वस्तीतल्याच स्त्रियांना हिरवे कोट व ओळखपत्रे देऊन आरोग्यसेविका म्हणून नेमले गेले आणि १९९५ मध्ये त्यांची स्वतःची दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली.

आकडेमोड
डॉ. जाना यांच्याविषयी आदर राखूनच लिहितो. निरोधवापराचे हे आकडे त्या स्त्रियांनी स्वतः सांगितलेले आहेत. ज्या वस्तीत हिरव्या कोटातली शेजारीण वरचेवर दार ठोठावते, तिथे ‘मी वापरत नाही’ असे सांगायला किती जणी धजावतील? दुसरे असे, की मुंबई आणि कोलकाता यांच्यातल्या फरकाला साथ कधी शिरली, गिऱ्हाईक कुठून येते, अशी अनेक कारणे असू शकतात. तुलनेसाठी दुसरी वस्ती न ठेवता ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढेच दाखवणे म्हणजे पाऊस पडल्यावर बेडकांना श्रेय देण्यासारखे आहे.

शिवाय आपल्यातल्याच माणसाकडून संदेश पोहोचवण्याची कल्पना मोठ्या चाचणीत टिकलेली नाही. चीन, भारत, पेरू, रशिया आणि झिम्बाब्वे या पाच देशांत लोकांच्या विश्वासातल्या व्यक्तींना प्रशिक्षण देऊन तीच आजमावली गेली. २०१० मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा जिथे हा उपक्रम राबवला आणि जिथे राबवला नाही, त्या वस्त्यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

सांगलीकर
तुलनेचा मुद्दा मान्य, पण ती कधी झालीच नाही असे नव्हे. पश्चिम बंगालमधल्या दोन लहान शहरांत, एकात सोनागाछीचा उपक्रम आणि दुसऱ्यात नेहमीच्या आरोग्यसेवा ठेवून, अभ्यास झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार निरोधवापर पहिल्या शहरात ३९ टक्के, तर दुसऱ्यात ११ टक्के वाढला.

पाच देशांच्या चाचणीचा दाखला तर माझ्याच बाजूने जातो. तिथे भर होता संभाषणावर. सावकार, पोलीस आणि मालकीण जिथल्या तिथे राहिले. सोनागाछीत स्त्रियांनी १९९५ मध्येच ‘उषा’ ही पतसंस्था काढली. नोंदणीसाठी ‘चांगल्या चारित्र्या’ची अट आडवी आली, तेव्हा स्वतःला गृहिणी म्हणवून घेण्यास त्यांनी नकार दिला आणि ती अटच सरकारला काढायला लावली. सावकाराच्या कचाट्यातून सुटलेली बाई गिऱ्हाइकाला परत पाठवू शकते. आरोग्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात बचत खाते हे रोगप्रतिबंधाचे साधन म्हणून क्वचितच सापडेल, पण इथे ते तसे ठरले.

आकडेमोड
एक शहर विरुद्ध एक शहर, म्हणजे नमुना दोनचाच. शेकडो स्त्रियांना प्रश्न विचारले, तरी शहरे दोनच राहतात. त्यातल्या एकात त्या वर्षी ठाणेदार बदलला, तरी सगळा हिशेब बदलू शकतो. पतसंस्थेचे तुमचे म्हणणे पटण्याजोगे आहे, परंतु निरोध, दवाखाना, पतसंस्था आणि संघटना सगळे एकदमच आल्यावर कशाने किती काम केले हे वेगळे काढता येत नाही, आणि दुसऱ्या राज्याला मर्यादित पैशांत नेमके काय उचलायचे तेही सांगता येत नाही.

पारावरचा
दोघांचेही वाचले. मला खटकते ते शीर्षकच. हा एका विद्वानाचा प्रभाव म्हणायचा, की हजारो स्त्रियांचा? आपल्या सांगलीत संग्राम संस्थेने १९९२ पासून याच प्रकारचे काम केले आणि पुढे त्यातून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. ते काही कोलकात्याची नक्कल करून नव्हे. वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचे लिहून द्या, अशी अट अमेरिकी मदतीला जोडली गेली, तेव्हा २००५ मध्ये संग्रामने ती मदत नाकारली. अशा निर्णयाची दखल कुठल्या उद्धरण-निर्देशांकात (शोधनिबंधांचा दाखला इतरांनी किती वेळा दिला, याच्या मोजणीत) घेतली जाते?

सांगलीकर
घेतली जात नाही, हे खरे. म्हणूनच शोधनिबंधांची मोजदाद मी मुद्दामच मांडली नाही. पण ‘सगळ्यांचे श्रेय’ म्हणताना जाना यांचा विशिष्ट वाटा पुसला जाऊ नये. पाहणीला आलेला सरकारी डॉक्टर आकडे घेऊन परत गेला असता, तरी त्याची नोकरी सुखाने चालली असती. त्याऐवजी त्यांनी ज्यांची पाहणी केली, त्यांच्याच हाती प्रकल्पाची सूत्रे जाऊ दिली. आकडेमोड यांना ही गोष्ट चाचणीत बसवायची असेल, तर एका गटात सूत्रे स्त्रियांकडे आणि दुसऱ्यात अधिकाऱ्यांकडे, बाकी सेवा तंतोतंत सारख्या, अशी रचना करावी लागेल.

आकडेमोड
तशी रचना करा, मात्र किमान वीस शहरांत. आणि निरोधवापर विचारून नव्हे, तर गुप्तरोगांच्या प्रयोगशाळेतील तपासणीवरून ठरवा.