रात्री जागणाऱ्यांनो, तुमच्या घरी सकाळ कशी उजाडते?

'लवकर निजे, लवकर उठे' घोकतच आपण वाढलो. पण काहींचं डोकं रात्री दहानंतरच चालू लागतं, आणि घरात ते सरसकट आळशी ठरतात. हे मला मनापासून खटकतं. शरीरातलं घड्याळ जनुकांच्या तालावर चालतं. ते कसं, हे शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. तुम्ही हे घरात, नोकरीत कसं निभावलंत? सविस्तर लिहा.

सांगली
लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई साडेपाचला सडा घालायच्या. मीही अलार्म लावून उठायचे. दुपारी पोळ्या लाटताना डोळे मिटायचे, पित्त उसळायचं. माझं काम जीएसटीची रिटर्न भरायचं. ते रात्री अकरानंतर सगळ्यात चोख होतं. शेवटी आम्ही दोघींनी वाटणी केली. पहाटे नळाचं पाणी, दूध, पहिला चहा त्यांच्याकडे. रात्रीची भांडी, विरजण, कडधान्य भिजवणं, सकाळच्या डब्याची भाजी चिरून ठेवणं माझ्याकडे. तरी पाहुणे विचारतातच, "सूनबाई उठल्या नाहीत अजून?" सासूबाई सांगतात, "ती दोनला झोपलीय, काम होतं तिला." त्यांच्या या बोलण्याचा मला फार आधार आहे. नवरा रविवारी नऊला उठतो. त्याच्याबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही.

नाशिक
वर्तमानपत्रात रात्रपाळी केली. शहर आवृत्तीचं शेवटचं पान मध्यरात्रीनंतर सुटायचं. तिथे माझ्या जागण्याला किंमत होती. निवृत्तीनंतर सगळे पहाटे फिरायला बोलावतात. मी संध्याकाळी जातो.

ठाणे
मुलगा नववीत, शाळा सातची. वयात येताना झोपेची वेळ पुढे सरकते, साडेअकराआधी त्याला झोपच येत नाही. सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. लहानग्यांचं भलं झालं, पण मोठ्या मुलांचं काय? पालकसभेत दरवेळी मांडते. उत्तर ठरलेलं: बस, आणि दोन सत्रांत भरणारी एकच इमारत.

बंगळूर
डॉक्टरांनी उठल्याउठल्या उन्हात बसायला आणि रात्री दिवे मंद ठेवायला सांगितलं. झोप तासाभरानं अलीकडे आली, त्यापुढे नाही. मग साहेबांशी बोलून रोजची मीटिंग साडेअकराला घेतली. ते लगेच हो म्हणाले. सांगलीच्या ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.