पहिला पोचेल तो प्रमुख

आग, पूर अशा आपत्तीच्या जागी ‘मोठा साहेब आला की सूत्रं आपोआप त्याच्याकडे’ असं म्हटलं जातं. निदान कागदावर तरी तसं नसतं. आपत्तीत हुकूम कोणाचा चालेल हे ठरवणारी पद्धत, म्हणजे ‘इन्सिडेंट कमांड सिस्टीम’, १९७० च्या कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनंतर घडली. तिथे प्रत्येक दलाचे रेडिओ वेगळे, शब्द वेगळे, हुकूम देणारे वेगळे! म्हणून ठरलं की जो आधी पोचेल तो प्रमुख. मागून आलेल्या वरिष्ठाला सूत्रं हवी असतील तर त्याने आधी परिस्थिती नीट समजून घ्यायची, मग बदल सगळ्यांना कळवायचा. एकाच्या हाताखाली ३ ते ७ माणसं, वाढली की तुकडी फोडायची. मदतीला आलेल्यांनीही थेट आत न घुसता ठरलेल्या जागी नोंद करून थांबायचं.

आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये हाच साचा थोडी मुरड घालून घेतला. अमेरिकेत पैशांचा हिशेब हा स्वतंत्र विभाग, इथे तो रसद विभागाच्या पोटात. जिल्ह्यात जबाबदारी कलेक्टरची. आणि हो, धोका दिसला तर सुरक्षा अधिकारी चालू काम थांबवू शकतो. मंत्र्यांच्या दौऱ्यात थांबवून दाखवावं म्हणा!