मदत हवी आहे: कपाळावर पांढरा डाग, लवकर गुण येईल असं क्रीम सांगा

मोगरा_८७:
कपाळावर अगदी मधोमध पांढरा डाग आलाय. दिवाळीत तांदळाएवढा होता, आता शेंगदाण्याएवढा झालाय. बहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय, सगळ्या फोटोंत तोच दिसणार. सध्या झाकून दिवस काढतेय. सासूबाईंनी कालपासून कोड-कोड लावलंय, नवरा म्हणतो कॅल्शियम कमी पडलंय. कोणी क्रीमचं नाव सांगेल का? आणि प्लीज, ‘डॉक्टरला दाखवा’ सांगू नका. त्वचेचे डॉक्टर तालुक्याला फक्त गुरुवारी येतात आणि या गुरुवारी माझी परीक्षेची ड्युटी आहे.

सुंठ:
बावचीचं तेल लावा आणि कोवळ्या उन्हात दहा मिनिटं बसा. माझ्या मामेभावाचा पायावरचा डाग सहा महिन्यांत भरून आला. आणि दूध-मासे एकत्र खाणं आजपासून बंद.

नेरळ_लोकल:
चेहऱ्यावर बावची??? ताई, असलं काही करू नका. मी हाताला लावून ‘कोवळ्या’ उन्हात बसलो होतो, दुसऱ्या दिवशी द्राक्षाएवढे फोड. बावचीत सोरालेन असतं, त्याने कातडी उन्हाला हळवी होते. डॉक्टर त्याच जातीचं औषध देतात, पण मात्रा आणि उजेड मोजून. दूध-माशांचं म्हणाल तर मी मूळचा मालवणचा. कालवणात नारळाचं दूध असतंच, मग अख्खं गाव पांढरं व्हायला हवं होतं.

सुंठ:
नारळाचं दूध म्हणजे दूध नव्हे. आणि तुम्ही तेल जास्त लावलं असणार.

गवतीचहा:
माझं औषधांचं दुकान आहे, रोज दोघं-तिघं तरी ‘डागाचं क्रीम द्या’ म्हणत येतात. आधी एवढं सांगा. डाग दुधासारखा पांढराफेक आहे की नुसता फिकट? नखाने हलकं खरवडलं तर कोंडा निघतो का? अजून कुठे आहे का? आतापर्यंत काय काय लावून झालंय?
फिकट, बारीक कोंडा आणि पाठ-मानेवरही असेल तर बहुतेक शिबं. ती बुरशी असते, घाम आणि दमटपणात वाढते. शाळकरी पोरांच्या गालावर धुरकट ठिपके येतात ते वेगळे, त्याला आया जंत म्हणतात पण बहुतेकदा ती नुसती कोरडी त्वचा असते. तपकिरी असते तर वांग म्हटलं असतं. नाव कळल्याशिवाय क्रीम सांगणं म्हणजे अंधारात दगड.

मोगरा_८७:
पांढराफेक. कोंडा नाही. अजून कुठे नाही. नवऱ्याने आणलेली एक ट्यूब आठ दिवस लावली, नाव आठवत नाही, नायट्याची होती बहुतेक.

गवतीचहा:
ती आधी बंद करा. नायट्याच्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, लाल पडते, लव वाढते, आणि लावलेली जागा फिकटही पडते. म्हणजे मूळ डाग कुठला नि ट्यूबचा कुठला हेच कळेनासं होतं. गोरेपणासाठी ‘तीन औषधं एकत्र’वालं क्रीम मागायला येणाऱ्यांना मी चिठ्ठीशिवाय देत नाही, तर शेजारच्या दुकानातून घेतात.

निवृत्त_नाना:
बावीस वर्षं कुष्ठरोगाच्या कामात होतो, म्हणून विचारतो, घाबरू नका. डोळे मिटा आणि घरातल्या कोणाला तरी कापसाची बारीक वात डागावर आणि बाजूच्या चांगल्या कातडीवर आलटूनपालटून टेकवायला सांगा. कुठे टेकलं ते बोटाने दाखवायचं. डागावर कळलं नाही तर सरकारी दवाखाना गाठा. पण चेहऱ्यावर नसांचं जाळं दाट असतं, तिथे कधी कधी स्पर्श कळतो तरी रोग असतो, तेव्हा एवढ्यावर निकाल लावू नका. कुष्ठरोगाचा डाग सहसा फिकट किंवा तांबूस, इतका दुधासारखा नसतो. असलाच तरी औषध फुकट मिळतं, सहा महिने किंवा बारा महिने, आणि रोग पूर्ण बरा होतो. वेळेत आलेल्यांची बोटं वाचतात, लपवणाऱ्यांची जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मोगरा_८७:
नाना, वाचून पोटात गोळा आला. आत्ता मुलीकडून करून घेतलं. सगळं कळतंय, दहापैकी दहा.

शंकासुर:
डागांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मानेवर, काखेत मखमलीसारखी जाड काळी कातडी झाली असेल तर घासत बसू नका, तो मळ नाही. साखर तपासा. मी दोन वर्षं डाळीचं पीठ आणि लिंबू चोळलं, शेवटी प्री-डायबेटिस निघाला. वजन उतरल्यावर मान आपोआप उजळली.

मोगरा_८७:
मानेचं कोणी विचारलं? माझा डाग कपाळावर आहे आणि पांढरा आहे!!

तिरफळ:
ताई, ‘झाकून दिवस काढतेय’ म्हणजे कशाने झाकताय?

मोगरा_८७:
टिकलीने, अजून कशाने? आधी बारीक लावायचे, आता डाग झाकायला मोठी मखमली आणलीय. पण प्रश्न क्रीमचा होता.

तिरफळ:
अहो, मग हे पहिल्या ओळीत नको का लिहायला! किती वर्षं लावताय? रात्री काढता का? त्या जागी आधी खाज सुटायची का?

मोगरा_८७:
लग्नाला चौदा वर्षं झाली, तेव्हापासून. टिकली सगळ्याच लावतात, त्यात काय लिहायचं? रात्री काढते, आरशाला चिकटवते, सकाळी तीच लावते. खाज सुटायची गेल्या उन्हाळ्यात, दोनेक महिने, घामाने असेल.

तिरफळ:
आता आरशापाशी जा. टिकल्यांच्या रांगेखाली काचेवर राखाडी चिकट गोल उमटलेले दिसतील, मधोमध धूळ धरलेले. तो गोंद. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असतं, त्याने कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशी मरतात. आधी खाज, मग टिकलीच्या मापाचा पांढरा डाग. आणि आपण काय करतो, डाग झाकायला त्याहून मोठी टिकली लावतो! माझ्या मावशीचा असाच चण्याचा रुपया झाला. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही असे डाग येतात.

सुंठ:
म्हणून म्हणतो, आपलं पारंपरिक कुंकूच बरं. मेण लावायचं, वर पिंजर.

गवतीचहा:
खरं हळदीचं कुंकू मिळालं तर. बाजारातल्या पुष्कळ कुंकवांत आणि गंधांत कृत्रिम रंग असतात, त्याने ॲलर्जी होऊन तीच जागा काळी पडते. टिकलीने पांढरी, कुंकवाने काळी, असं दोन्ही बघितलंय.

सुंठ:
आमची आजी नव्वद वर्षं जगली, रोज आडवं कुंकू. काही काळं पडलं नाही.

नेरळ_लोकल:
आजी बावची लावत नव्हती ना, म्हणून.

इंद्रायणीकाठ:
तिरफळ, उगाच धीर देऊ नका. टिकलीने डाग सुरू झाला तरी काहींना पुढे तो टिकली नसलेल्या जागीही पसरतो. मुळात ज्याच्यात प्रवृत्ती असते त्यालाच हे होतं, म्हणजे कोडच झालं की.

तिरफळ:
सगळ्यांचं तसं होत नाही. पुष्कळांचं कारण थांबवलं की डाग वाढायचा थांबतो, काहींचा भरतोही.

इंद्रायणीकाठ:
आणि कोड असलं तरी काय आभाळ कोसळतं? मला पंचवीस वर्षं आहे, दोन्ही हातांवर. स्पर्शाने लागत नाही, जिवाला धोका नाही. बँकेत काउंटरवर बसतो. त्रास डागाचा कमी, नोटा टोकाला धरून घेणाऱ्यांचा जास्त. सासूबाईंना हे वाचून दाखवा.

मोगरा_८७:
वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, चहा मात्र त्यांनीच केला.

(नऊ दिवसांनी)

मोगरा_८७:
ड्युटी बदलून घेतली आणि गुरुवारी जाऊन आले. डॉक्टरीणबाईंनी खोलीत अंधार करून निळसर दिवा धरला, आरशात बघते तर डाग चुन्यासारखा चमकत होता. पहिला प्रश्न ‘टिकली कुठली लावता?’ मग हात, गुडघे, ओठ, चपलेखालची जागा सगळं पाहिलं. बाकी कुठे नाही. म्हणाल्या, टिकलीचाच दिसतोय, पण कोड नाही असं आज छातीठोक सांगता येणार नाही, तीन महिन्यांनी परत बघू. टॅक्रोलिमसचं मलम रात्री लावायचं, थायरॉइडची तपासणी करायची, चिकटवायचं काहीही कपाळाला नाही. रंग आलाच तर कडेने किंवा बारीक ठिपक्यांनी येतो, महिने लागतात. लग्नापर्यंत शक्य नाही हे स्पष्टच सांगितलं. फोटोपुरता मेकअप चालेल म्हणाल्या, रात्री नीट पुसून काढायचा. आरशावरच्या टिकल्या मुलीने सुरीने खरवडल्या, सदतीस निघाल्या.

तिरफळ:
गेलात ते बरं केलंत. मुलीलाही टिकली लावत असाल तर बघा.

मोगरा_८७:
शाळेच्या गॅदरिंगला लावते फक्त. आता तीही नाही. आणि शंकासुर, तुमची माफी मागायचीय. नवरा सोबत आला होता, डॉक्टरीणबाईंनी माझं कपाळ सोडून त्याची मान बघितली आणि साखरेची चिठ्ठी त्याच्या हातात दिली. आता तो म्हणतोय उद्या नाष्टा करून जातो.

शंकासुर:
नाष्टा नको! उपाशीपोटी पाठवा. चहासुद्धा नाही.