विषय: पॅकेजवर सही करू का? पंचावन्नला थोडेच महिने कमी (तातडीचं)

शिरीष:
मंडळी, ज्याची भीती होती तेच झालं. काल एचआरने बोलावून नोकरी सोडण्याचं पॅकेज पुढे ठेवलं. शेवटचा दिवस ३१ ऑगस्ट, सही शुक्रवारपर्यंत हवी म्हणाले. नव्या साहेबांबद्दल पिकनिकला बोललोच होतो. तेव्हापासून पीआयपी (काम सुधारून दाखवण्याची लेखी मुदत) चालू आहे, दर सोमवारी उलटतपासणी. पैसे बरे देताहेत, पण वाढदिवस नोव्हेंबरात. ऑफिसच्या ग्रुपमध्ये जुनी, दरमहा मिळणारी पेन्शन असलेला मी शेवटचाच, नंतरच्यांना नुसतं ४०१(के), म्हणजे पगारातून साठवायचं निवृत्तीचं खातं. पंचावन्नच्या आत निघालो तर किती फटका बसेल? रजा बरीच साठली आहे, ती लावून नोव्हेंबर गाठता येईल का? कृपा करून "वकील गाठ" एवढंच लिहू नका.

अविनाश:
शिरीष, निवांत राहा. वाढदिवसाचा काही संबंध नाही. ज्या कॅलेंडर वर्षात ५५ पूर्ण होतात, त्या वर्षात कधीही नोकरी सोडली तरी ४०१(के)तून पैसे काढताना १० टक्के दंड लागत नाही. जानेवारीच्या व्याख्यानात ही स्लाइडच होती, तू बहुतेक नव्हतास. सही कर आणि मोकळा हो.

माधुरी:
अविनाशदादा, थांबा जरा. शिरीष, सही करू नकोस.
दादा सांगतात तो आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा नियम. पैसे लवकर काढले तर दंड लागतो का, एवढंच त्यात आहे आणि ४०१(के)ला तो बरोबर लागू पडतो. (ते पैसे आयआरएमध्ये, म्हणजे स्वतःच्या निवृत्ती खात्यात हलवलेस तर ही सवलत जाते, मग साडेएकोणसाठपर्यंत थांबायचं.) पण महिन्याची पेन्शन किती, हे तुमच्या कंपनीचा प्लॅन ठरवतो. तिथे बहुधा "नोकरीत असताना ५५ पूर्ण" अशीच अट असते, आणि ती वाढदिवसाच्या तारखेने मोजतात.
आमच्या प्लॅनचा हिशेब सांगते. पूर्ण पेन्शन ६५ ला. ५५ पूर्ण करून निघालं तर ६५ च्या आधीच्या दर वर्षाला ३ टक्के कपात, एक दिवस जरी आधी निघालं तरी ६ टक्के. समज ६५ ला महिना १००० डॉलर बसतात. ५५ ला सुरू केली तर पहिल्याला ७००, दुसऱ्याला ४००, आणि हे जन्मभर. तुझे आकडे वेगळे असतील, म्हणून एसपीडी (प्लॅनच्या नियमांची पुस्तिका) लेखी मागव. ३० दिवसांत द्यावी लागते, नाही दिली तर कोर्ट दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. त्यात लवकर निवृत्तीचं कलम आणि "सर्व्हिस"ची व्याख्या तेवढी नीट वाच. ३१ ला नाव काढून रजेचे पैसे हातात ठेवले तर ती रजा इथे कामाची नाही. रजेवर असताना नाव पगारपत्रकावर राहिलं तर कामाची. सेव्हरन्सचंही (नोकरी सोडताना मिळणाऱ्या पैशांचं) तसंच, एकरकमी घेतलंस तर तारीख पुढे सरकत नाही. तेव्हा घासाघीस करायची तर पैशांपेक्षा तारखेवर कर.
आणि हा शुक्रवार कुठून काढला त्यांनी? चाळिशी ओलांडलेल्याकडून वयाच्या भेदभावाचा दावा सोडल्याची सही घ्यायची, तर १९९० च्या कायद्याप्रमाणे विचाराला किमान २१ दिवस द्यावे लागतात. बऱ्याच जणांना एकदम काढत असतील तर ४५. सही केल्यावरही ७ दिवसांत ती मागे घेता येते.

अविनाश:
> अविनाशदादा, थांबा जरा
मी दंडाबद्दलच लिहिलं होतं, पेन्शनचा आकडा मी काढलाच नव्हता. दुसरं, निवृत्तीचे प्रश्न व्याख्यान समितीकडे पाठवायचे असं मागच्या सभेत ठरलं होतं. लिस्टवर जो तो सल्ला द्यायला लागला तर समिती हवी कशाला?

नंदूकाका:
समिती गेली खड्ड्यात, पोराची नोकरी चालली आहे.
शिरीष, सोमवारच्या मीटिंगचं टिपण त्याच दिवशी घरच्या वहीत उतरव. काय विचारलं, कोण हजर होतं, सगळं. पेन्शन मिळू नये म्हणून माणसाला काढणं १९७४ च्या एरिसा कायद्यात बेकायदा आहे, पण ते सिद्ध करायला कागद लागतो. साहेब गोड बोलला तरी लिही.
पेन्शन एकरकमी घ्यायचा विचार असेल तर व्याजदर चढले की तो आकडा उतरतो, हे लक्षात ठेव. २०२२ मध्ये आमच्याकडे त्यामुळेच वर्षअखेरीआधी निघायची झुंबड उडाली होती. आणि वहिनींना आत्ताच विश्वासात घे. मला फक्त माझ्या हयातीपुरती, जरा जास्तीची पेन्शन हवी होती. त्याला बायकोची नोटरीसमोर सही लागते. ही म्हणाली, "तुमच्या मागे मी काय खायचं?" आणि नोटरीकडे आलीच नाही. आता माझ्यामागे तिला निम्मी मिळेल. रोज जेवताना हिशेब ऐकवते.

सुनीता:
शिरीष, तुझ्या आईंचं ऑपरेशन आहे ना? एफएमएलएची (घरच्यांच्या आजारपणासाठीच्या रजेच्या कायद्याची) १२ आठवड्यांची रजा घे की! बिनपगारी असते, पण नोकरी राहते. मला सासूबाईंसाठी नाकारली. कायद्यात आईवडील आहेत, सासूसासरे नाहीत म्हणे. वीस वर्षं त्यांचं सगळं मी केलं, आणि नातं मोजताना मी परकी!

नंदूकाका:
सुनीता, कॅलिफोर्नियात २०२२ पासून सासूसासरे धरतात. तुमचं राज्य चुकलं.

माधुरी:
सुनीताताई, एफएमएलए काही ढाल नव्हे. रजा घेतली नसती तरी ज्याला काढणारच होते, त्याला रजेवर असतानाही काढता येतं. शिरीष, आईंसाठी खरोखर जायचं असेल तर जरूर घे रे, पण नुसत्या तारखेसाठी नको.

मॉडरेटर:
सासूसासऱ्यांचा विषय वेगळ्या धाग्यात न्यावा. हॉलच्या डिपॉझिटच्या मेलला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

शिरीष:
सगळ्यांचे आभार. एसपीडी पोर्टलवरच मिळाली. माधुरीताई म्हणतात तशीच अट आहे, ५५ आणि १० वर्षं सर्व्हिस, दोन्ही नोकरीत असताना. आमची कपात ४ टक्के, आधी निघालं तर साडेसहा. रात्री एचआरला लिहिलं की शेवटची तारीख ३० नोव्हेंबर करा, रजा त्यात वळती करा, सेव्हरन्स कमी केलंत तरी चालेल. २१ दिवसांचंही विचारलं. आज फोन आला, "बघतो" म्हणाल्या. शुक्रवारचं नाव काढलं नाही.

माधुरी:
"बघतो" मेलवर लिहून घे. मान्य झालं तर आणखी एक विचार: सप्टेंबर ते नोव्हेंबर तू "ॲक्टिव्ह" धरला जाशील का? हे उत्तर पेन्शन ॲडमिनिस्ट्रेटरकडून लेखी हवं. एचआरच्या बाईंना ते ठाऊक असेलच असं नाही.