मदत हवी आहे: उजव्या हाताची बोटं वळेनात, धार काढायची पंचाईत झालीय

म्हसरवाला_वडणगे (सोमवार, पहाटे ५.४०)
फोनात बोलून लिहितोय, चुका सांभाळून घ्या. तीन महिने झाले, उजव्या हाताची बोटं कडक झाल्यात. सकाळी तर लाकडागत. मूठ पुरी मिटत नाही, हात सपाट पसरत नाही. मधलं बोट मिटलं की अडकतंय, डाव्या हातानं ओढून सोडवायला लागतंय, टक्क करून सुटतंय. दोन म्हशी दुभत्या आहेत, धार मीच काढतो. गेल्या आठवड्यात हात मधेच आखडला आणि चरवी सांडली. गंगावेशीत कट्ट्यावर गिऱ्हाईक पेला घेऊन म्हशीजवळ उभं असतंय, त्याच्यासमोर हात थांबला की कसं वाटतंय ते मलाच ठाऊक. एक्सरे काढला, हाडं नीट आहेत म्हणाले. कुणाला असं झालं असेल तर कशानं बरं झालं तेवढंच सांगा. लेक्चर नको.

उद्यमनगर_लेथ (६.१५)
भावा, कॅल्शियम कमी झालंय. आमच्या शॉपमध्ये दोघांना झालतं. गोळ्या चालू कर, महिन्यात मोकळा होशील.

गुजरीचा_नाना (६.३२)
ज्याच्या दारात दोन दुभत्या म्हशी त्याला कॅल्शियम कमी? वा रे वा.

उद्यमनगर_लेथ (६.३४)
दूध विकतोय तो नाना, पितोय कुठं.

जुना_बुधवार (७.०५)
हा सरळसरळ वात आहे. तिळाच्या तेलात लसूण जाळायची आणि रोज रात्री चोळायचं. वांगं आणि हरभऱ्याची डाळ बंद. आमच्या आईनं याच्यावर वीस वर्षं काढली.

ताराराणी_चौक (७.२०)
दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी एवढं सांगा: वय किती? बोटं दुखतात की नुसती कडक आहेत? सांध्यांवर सूज, लाली, गरमपणा? एकच हात की दोन्ही? रात्री मुंग्या येतात का? शुगर, थायरॉइड?

मूळचा_पुणेकर (७.४१)
हा धागा ‘पशुपालन’ विभागात का आहे? ‘आरोग्य’मध्ये हलवावा. शिवाय शीर्षकातून नेमकी अडचण म्हशीची आहे की माणसाची, हे कळत नाही.

म्हसरवाला_वडणगे (९.१०)
दूध घालून आत्ता आलो. वय ५३. दुखत नाही तेवढं, कडकच जास्त. सूज नाही. डावा पण थोडा धरलाय, पण त्याचं चालतंय. मुंग्या नाहीत. शुगर आहे, १४ वर्षं झाली. पण ती रक्तात असते, मी बोटांचं विचारतोय.

ताराराणी_चौक (९.२४)
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं हो!

दोन्ही हात नमस्कारासारखे जोडा, कोपरं बाजूला उचला आणि आरशात बघा. तळवे आणि बोटं पूर्ण टेकतात, की मधे फट राहते? मग हात पालथा करून टेबलावर ठेवा. सपाट बसतो की मधे पूल तयार होतो?

म्हसरवाला_वडणगे (९.५१)
फट राहते. करंगळीकडनं आत पेन्सिल जाईल एवढी. टेबलावर पण टेकत नाही. आमच्या घरात रोज संध्याकाळी नमस्कार होतोय, कधी ध्यानात आलं नाही.

ताराराणी_चौक (१०.१८)
डॉक्टर याला ‘डायबेटिक कायरोआर्थ्रोपॅथी’ म्हणतात. ग्रीकमध्ये ‘कायर’ म्हणजे हात. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की ती अंगातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाला चिकटते. कातडी, कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी), सांध्यांभोवतीचं आवरण हे सगळं त्या कोलॅजनचंच असतं. साखर चिकटल्यावर त्याचे धागे एकमेकांत अडकतात आणि ताण घेईनासे होतात. हाड जागच्या जागी असतं, म्हणून एक्सरे नीट येतो. बोटांच्या मागची कातडी जाड, मेणासारखी तकतकीत झालीय का, तेही बघा.

मधलं बोट अडकून टक्क सुटतं ते वेगळं, त्याला ट्रिगर फिंगर म्हणतात. बोटाच्या मुळाशी कंडरा एका कड्यातून सरकते, ती तिथं जाड झाली की अडकते. तळहातात त्या बोटाच्या बुडाशी दाबून बघा, गाठ लागेल. शुगरवाल्यांत हेही जास्त दिसतं, खांदा आखडणं आणि मनगटात नस दबणं पण. हे सगळं मी फोनवरून सांगतेय, हात प्रत्यक्ष बघूनच नक्की ठरेल. सकाळी तासभर कडकपणा, वर सूज आणि गरमपणा असता तर आधी आमवाताची तपासणी सांगितली असती.

शेवटचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) कधी केलं? किती होतं?

उद्यमनगर_लेथ (१०.३०)
म्हणजे कॅल्शियम नाही का?

खुपिरे_डेअरी (११.०२)
शुगरचं राहू द्या. मूळ दोष धार काढण्यात आहे. दादा, अंगठा मुडपून काढता का मुठीनं?

म्हसरवाला_वडणगे (११.४०)
अंगठा मुडपून. आमचा आजा तशीच काढायचा.

खुपिरे_डेअरी (११.४५)
तिथंच चुकलं. त्यानं सडाला पण इजा होते आणि अंगठ्याच्या सांध्याला पण. पूर्ण मुठीनं, वरनं खाली एकेक बोट दाबत काढायची. नाहीतर सरळ मशीन घ्या. माझ्याकडं दोन वर्षं आहे, पोरगं बटण दाबतंय.

गुजरीचा_नाना (११.५८)
कट्ट्यावर मशीन? गिऱ्हाईक येतंय ते डोळ्यांसमोर धार बघायला, फेसाळ दूध प्यायला. तिथं मशीन लावलं तर घरी पिशवीच फोडेल की.

खुपिरे_डेअरी (१२.०५)
परंपरा राखायला नाना येणार आहेत का पहाटे चारला?

मूळचा_पुणेकर (१२.१२)
विषय भरकटतो आहे. तसेच ‘धारोष्ण’ हा शब्द असताना ‘फेसाळ दूध’ कशासाठी?

राजारामपुरी_६वी_गल्ली (दुपारी १.३०)
आमच्या सासूबाईंना हेच झालं होतं. अंगठा अडकायचा, पोळ्या लाटता येईनात. अडकलेल्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, अंगठा सुटला. पण इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी शुगर ३४०! आम्ही घाबरून रात्री दवाखान्यात. नंतर कळलं, शुगरवाल्याला असं होतं, काही दिवस चढी राहते आणि उतरते. आधी कुणी सांगितलं असतं तर धावपळ वाचली असती. सहा महिन्यांनी परत अडकला, मग ऑपरेशन केलं. नुसती ती जागा बधिर करून छोटा काप दिला, संध्याकाळी घरी. दादा, इंजेक्शन घ्यायची वेळ आली तर शुगरच्या डॉक्टरांना आधी सांगा आणि घरी मशीनवर रोज बघत राहा.

म्हसरवाला_वडणगे (सायं. ७.५०)
एचबीएवनसी दीड वर्षाखाली केलं होतं, ८ च्या पुढं होतं. गोळ्या चालूच आहेत. साखर कधीच सोडलीय, चहा गुळाचाच घेतोय. तळहातात गाठ लागली, वाटाण्याएवढी.

ताराराणी_चौक (८.०४)
दिवसाला किती चहा?

म्हसरवाला_वडणगे (८.०६)
पाच-सहा. पहाटेपास्नं उठलेलो असतोय.

ताराराणी_चौक (८.११)
दादा, गूळ म्हणजे साखरच. थोडं लोह आणि खनिजं असतात, पण शुगर वाढवायला तो साखरेइतकाच सक्षम आहे.

गुऱ्हाळवाला (८.२५)
कोल्हापुरी गुळाला नावं ठेवायची नाहीत हं ताई. आमचा गूळ बिनकेमिकलचा. माझे वडील ८६ वर्षांचे, जेवणानंतर खडा लागतोच.

ताराराणी_चौक (८.३१)
वडिलांना शुगर आहे का?

गुऱ्हाळवाला (८.३३)
न्हाई.

जुना_बुधवार (८.५०)
तेल चोळून बघितलं का ते कुणी विचारेना. आणि सोबत कढत पाण्यात मीठ घालून पंधरा मिनिटं हात बुडवायचे.

राजारामपुरी_६वी_गल्ली (८.५८)
आजोबा, तेल चोळू दे, पण कढत पाणी नको. जुन्या शुगरवाल्याला चटका कळत नाही. आमच्या गल्लीत एकांनी शेकायच्या पिशवीनं पाय भाजून घेतला, चार महिने जखम भरली नाही. पाणी कोमटच, तेही घरातल्या दुसऱ्या माणसानं कोपर घालून बघितलेलं.

लक्ष्मीपुरी_मेडिकल (९.२०)
दुकानात रोज बघतो म्हणून विचारतो. म्हसरवाले, तीन महिने नुसते बसला नसाल. पेनकिलर कोणती आणि किती दिवस? आणखी काही?

म्हसरवाला_वडणगे (९.४४)
पेनकिलर कधीमधी. पण दोन महिने एकाकडनं पुड्या घेतोय. गुडघ्यावाल्यांची लाईन असते तिथं. पांढरी पावडर, सकाळ-संध्याकाळ मधातनं. पहिले पंधरा दिवस हात लई हलका वाटला, भूक पण वाढली. आता परत आहे तसं.

लक्ष्मीपुरी_मेडिकल (९.५२)
पाकिटावर नाव, घटक, काही छापलंय?

म्हसरवाला_वडणगे (९.५५)
वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देतोय.

लक्ष्मीपुरी_मेडिकल (१०.०३)
हेच ऐकायचं नव्हतं. असल्या बिननावाच्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. म्हणून चार दिवसांत हलकं वाटतं, भूक लागते आणि शुगर चढते. तुमच्या पुडीत आहेच, असं मी न बघता म्हणणार नाही. पण उद्या सकाळी शुगर करा, उपाशीपोटी आणि जेवणानंतर. महत्त्वाचं: दोन महिने घेतलेली पुडी आपल्या मनानं एकदम तोडू नका. स्टेरॉइड असलं तर अंगाला सवय झालेली असते, अचानक बंद केल्यावर चक्कर, उलट्या, बीपी घसरणं होऊ शकतं. उरलेल्या पुड्या खिशात घाला आणि उद्याच डॉक्टरपुढं ठेवा. शेजारच्या डॉक्टरला दाखवा नाहीतर सीपीआर सरकारी दवाखान्यात दाखवा, पण उद्या. आणि पेनकिलर थांबवा, आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा. शुगर, वय आणि वर पेनकिलर, किडनीवर तिहेरी ओझं.

जुना_बुधवार (१०.१५)
सगळे वैद्य लबाड असतात असं नाही.

लक्ष्मीपुरी_मेडिकल (१०.१७)
वैद्य असता तर औषधाचं नाव लिहून दिलं असतं, बुधवारकर.

ताराराणी_चौक (१०.४०)
आणखी एक. बोटं अशी आखडतात त्यांच्यात बऱ्याचदा डोळ्यांचा पडदा आणि किडनीही सोबत बिघडत असते, तेच कारण तिथंही काम करतं. पडदा तपासा, लघवीतलं अल्ब्युमिन बघा, किडनी बिघडायला लागली की हे प्रथिन लघवीत उतरतं. व्यायाम: कोमट पाण्यानंतर नमस्कार करून तळवे हळू दाबायचे, वीस सेकंद, दिवसात चार-पाच वेळा. एकेक बोट मागं ताणायचं. अडकलेलं बोट मात्र झटका देऊन ओढू नका. बोटं एका आठवड्यात मोकळी होणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवते.

गुजरीचा_नाना (१०.५५)
आणि तोवर धार कोण काढणार?

*(१८ दिवसांनी)*

म्हसरवाला_वडणगे (शुक्रवार, रात्री ८.३०)
ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी. उपाशीपोटी शुगर २६२ निघाली, एचबीएवनसी १०.४. डॉक्टरनी पुडी बघितली आणि बघतच राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. मग लिहून दिलं तसं हळूहळू कमी करून बंद करतोय. रात्रीचं इन्सुलिन चालू केलंय. त्यांनी पण पहिल्यांदा नमस्कारच करायला लावला, मी म्हटलं हे मला ठाऊक आहे. मधल्या बोटाला पट्टी दिलीय, सुटलं नाही तर इंजेक्शन, पण शुगर उतरल्यावरच. डोळ्यांत औषध घालून बघितलं, पडद्यावर थोडी सुरुवात आहे म्हणाले, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. किडनी ठीक. चहा दोनवर आणलाय, बिनगुळाचा. गुऱ्हाळवाले, रागावू नका.

बोटं अजून तशीच. सकाळी थोडी लवकर सुटतात, बास.

धार बायको काढते. पहिले दोन दिवस म्हशीनं पान्हाच सोडला नाही, लाथ मारून चरवी उडवली. तिसऱ्या दिवशी बायको माझा जुना सदरा घालून बसली, तेव्हा सोडला. मी कट्ट्यावर नुसता पेले धुतोय.

खुपिरे_डेअरी (८.४१)
वहिनी मुठीनं काढतात का अंगठा मुडपून?

म्हसरवाला_वडणगे (८.४५)
मुठीनं. तुमचं वाचून दाखवलं तिला.

करवीर_बाजार (९.१०)
पंढरपुरी आहे का? किती वेताची? द्यायची आहे का?

म्हसरवाला_वडणगे (९.१२)
तिसऱ्या वेताची. द्यायची न्हाई.