मदत हवी आहे: एमजीबीचा ऑइल प्रेशरचा मीटर बिघडलाय की इंजिनच गेलंय?

नमस्कार मंडळी. गाडी १९७२ ची एमजीबी जीटी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन. मी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ राहतो. या गाड्या जिथे बनायच्या ते अ‍ॅबिंग्डन इथून अगदी जवळ, पण तो कारखाना १९८० सालीच बंद पडला, त्यामुळे आता आपणच वाट काढायची.

डॅशबोर्डवर ऑइल प्रेशर आणि पाण्याचं तापमान एकाच डबीत दाखवणारा जुना जोडमीटर आहे. त्यात वायर, सेंडर (दाब मोजून विजेने कळवणारा भाग) काही नाही. इंजिनातून बारीक नळीने तेलच थेट मीटरपर्यंत येतं.

थंड इंजिन स्टार्ट केलं की काटा झटकन उठत नाही. रेंगाळत चढतो आणि ६० च्या आसपास थांबतो. इंजिन नीट तापलं की तीन हजार आरपीएमवर जेमतेम ३० दाखवतो. सिग्नलला गाडी उभी केली की सावकाश उतरत १० वर. हँडबुकात चालताना ५० ते ८० आणि आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) १० ते २५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, दाबाचं माप) दिलंय. म्हणजे आयडलिंगचा आकडा कसाबसा बसतो, चालतानाचा अजिबात नाही.

खरी मेख पुढे आहे. इंजिन बंद करून चावी काढली तरी काटा १० वरच अडकून राहतो. मग सिग्नलला दिसणारे १० हे खरंच १० आहेत की शून्य?

तेल २०डब्ल्यू-५०, नुकतंच बदललेलं, फिल्टर नवा, डिपस्टिकवर पातळी बरोबर. टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा) आवाज नेहमीसारखा, खालून ठोके नाहीत. जवळच्या एका गॅरेजवाल्याने एवढं ऐकूनच सांगितलं की मेन बेअरिंग (इंजिनाच्या मुख्य दांड्याला, क्रँकला, आधार देणारी) गेली, इंजिन उतरवा. खर्च मोठा आहे, पण त्याहून जास्त मला हे खटकतंय की काहीही न मोजता इंजिन उघडायचं. इथे चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही, म्हणून गाडी धड आहे की नाही याची जबाबदारी सगळी माझी. आधी काय तपासावं, कोणत्या क्रमाने? गाडी तोवर उभीच ठेवली आहे.

घाटवाट:
गाडी उभी ठेवलीत ते उत्तम केलंत. आमच्याकडे कोल्हापुरात अ‍ॅम्बॅसिडर टॅक्सी होत्या. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन तुमच्याच बी-सिरीज घराण्यातलं, त्यामुळे ओळखीचं वाटलं म्हणून लिहितोय. आधी प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडून देणारी झडप) बघा. ब्लॉकच्या डाव्या बाजूला, मागच्या टोकाला घुमटाच्या आकाराचा मोठा नट असतो. त्यामागे स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह. हा साधारण ७० पीएसआयला उघडायला हवा. सीटवर कचऱ्याचा एक कण जरी अडकला तरी तो पूर्ण मिटत नाही, तेल परत संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) पळतं आणि प्रेशर बसतं. काढा, पुसा, सीटवर चरे आहेत का पाहा, वॉशर नवे घाला. आमच्या मेकॅनिककाकांचा शिरस्ता होता: हे बघितल्याशिवाय बेअरिंगचं नाव काढायचं नाही. टॅपेट शांत आहेत म्हणजे तेल वर पोचतंय, तेव्हा फार घाबरू नका.

तेरा_चौदा_पाना:
वरच्या शेवटच्या वाक्याशी असहमत. टॅपेट शांत राहायला थोडं तेल पुरतं. बिग एंडला (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणाऱ्या बेअरिंगला) तेवढ्यावर भागत नाही, आणि ठोका ऐकू येईपर्यंत क्रँक खराब झालेला असतो. आवाजावर विसंबू नका.

तुमच्या वर्णनावरून मात्र मला संशय मीटरचाच येतोय. या मीटरमध्ये बूर्दाँ नळी असते. युजेन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने १८४९ साली पेटंट घेतलेली युक्ती. चपटी, वाकवलेली धातूची नळी आत दाब आला की किंचित सरळ होते, जत्रेतल्या कागदी पिपाणीसारखी, फक्त हालचाल अगदी थोडी. ती हालचाल बारीक दांडीने आणि दात्यांनी वाढवून काट्यापर्यंत नेतात. पन्नास वर्षांत तिथे वंगण वाळतं आणि घर्षण वाढतं. घर्षण वाढलं की काटा चढताना कमी दाखवतो आणि उतरताना जास्त. तुमचं नेमकं तसंच आहे: चालताना ३०, आणि बंद केल्यावर शून्याऐवजी १०.

नळी चोंदली असेल का? असू शकते, पण अर्धवट चोंदलेल्या नळीने काटा फक्त सुस्त होतो. नळीतून तेल वाहत नसतं, नुसता दाब पोचतो, म्हणून थोडा वेळ दिला की आकडा बरोबरच यायला हवा. तेव्हा एकट्या नळीमुळे कायम ३० दिसणार नाही.

फुकटातली चाचणी: गरम इंजिन तीन हजारवर स्थिर धरा आणि दुसऱ्या कुणाला काचेवर हलकी टिचकी मारायला सांगा. काटा टुणकन वर गेला तर मीटर अडकतोय. बंद केल्यावर पुन्हा टिचकी. आता खाली यायला हवा.

पण निकाल द्यायचा तो दुसऱ्या मीटरनेच. ब्लॉकच्या उजव्या बाजूला मागे जिथे मीटरची लवचिक नळी लागते, तिथे टेस्ट गेज लावा. अडॅप्टर घेताना आटे तपासा. १/८ बीएसपीला (ब्रिटिश पाइप आटे) इंचात २८ आटे, १/८ एनपीटीला (अमेरिकन पाइप आटे) २७. चुकीचा जोड पहिले दोन-तीन आटे सहज घेतो आणि मग बसतो अडकून. ब्लॉकमधले आटे खराब झाले तर दुरुस्ती जिकिरीची.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. एका शेजाऱ्याकडून टेस्ट गेज मिळालं. पूर्ण तापलेल्या इंजिनावर तीन हजार आरपीएमला ५५, आयडलिंगला १८. हँडबुकाच्या हिशेबात आहे! त्याआधी, जुनी नळी जोडलेली असताना, टिचकीची चाचणीही केली होती: चालू असताना काटा ३० वरून ४० च्या पुढे उडाला आणि बंद केल्यावर १० वरून ५ वर आला.

नळी सोडवून फुंकली तर काळा, डांबरासारखा गाळ निघाला. आता काटा पटकन उठतो, पण आकडे तेच. म्हणजे तेरा-चौदा म्हणतात तसं, सुस्तपणा नळीचा होता आणि आकडा मीटरचा. रिलीफ व्हॉल्व्हही पाहिला, स्वच्छ आहे.

मीटर दुरुस्तीला पाठवायचा तर तापमानाची केशनळी (केसासारखी बारीक नळी) त्यालाच कायमची जोडलेली आहे, आणि तिचा बल्ब (तापमान ओळखणारं टोक) सिलिंडर हेडमध्ये घट्ट बसलाय. तो न तोडता कसा काढायचा?

तेरा_चौदा_पाना:
पाणी आधी बल्बच्या पातळीखाली उतरवा. नटावर गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या. नट फिरवताना सगळं लक्ष केशनळीवर ठेवा: नट फिरतोय आणि नळीही सोबत पिळतेय असं दिसलं की तिथेच थांबा. आत ईथर आहे, नळीला चीर गेली की तापमानाचा मीटर मेला. नट थोडा पुढे, थोडा मागे करत राहा आणि बल्ब सुटा झाल्यावरच ओढा. नळी बल्कहेडमधून (इंजिन आणि केबिन यांमधली पत्र्याची भिंत) रबरी ग्रोमेटसकट (भोकातली रबरी कडी) बाहेर घ्या, कुठेही कोन पडू देऊ नका. परत बसवताना मीटरच्या तोंडाशी चामड्याचा छोटा वॉशर असतो, तो नवा घाला; नाहीतर गरम तेल थेट पायावर येतं.