"तुम्ही तिथे होता का?" या प्रश्नाला उत्तर आहे

खडकवेडा:
अमेरिकेत केंटकीतल्या विल्यम्सटाउनला २०१६ पासून बायबलमधल्या महापुराच्या कथेतल्या नोहाच्या नौकेची ५१० फूट लांबीची प्रतिकृती उभी आहे. ती उभारणाऱ्या संस्थेचे केन हॅम सांगतात की पृथ्वी सुमारे ६,००० वर्षांची आहे आणि जीवाश्मांचे बहुतेक थर नोहाच्या महापुराने टाकले. कोट्यवधी वर्षं म्हणणाऱ्याला "तुम्ही तिथे होता का?" असं विचारायला ते मुलांना शिकवतात. २०१८ साली औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह हेच बोलले होते: माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही. धर्म वेगळा, युक्तिवाद तोच. मला तो घातक वाटतो. खून होताना कुणी पाहिला नाही, म्हणून तपास थांबवतात का?

नगरकर:
मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शब्दशः मानतो, म्हणून उत्तर देतो. तपासातही आधी काहीतरी गृहीत धरावं लागतं. खडकातलं किरणोत्सर्गी मूलद्रव्य किती क्षय पावलं, म्हणजे दुसऱ्या मूलद्रव्यात बदललं, यावरून तुम्ही वय काढता. त्या क्षयाचा वेग कायम सारखाच होता, खडकात सुरुवातीला अमुक इतकंच मूलद्रव्य होतं, हे तुम्ही गृहीतच धरता ना? माउंट सेंट हेलेन्सच्या ज्वालामुखीत १९८० नंतर तयार झालेल्या खडकाचं वय पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने साडेतीन लाख वर्षं निघालं. डोळ्यांदेखत झालेल्या खडकाचं वय चुकतं, तर न पाहिलेल्याचं कसं मानू?

खडकवेडा:
प्रश्न रास्त आहे. या पद्धतीत पोटॅशियम-४० च्या क्षयातून खडकात साचलेला आर्गॉन वायू मोजतात, आणि पोटॅशियम-४० निम्मं व्हायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. दहा वर्षांच्या खडकाला ही पद्धत लावणं म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर अंगठी तोलणं. शिवाय लाव्हाबरोबर खालून जुने स्फटिक वर येतात, त्यांतला आर्गॉनही मोजला जातो. सुरुवातीला किती मूलद्रव्य होतं हे गृहीत धरावं लागू नये, म्हणून तर एकाच खडकातली वेगवेगळी खनिजं मोजून पडताळतात. आणि पूर्वी क्षय वेगाने झाला म्हणावं, तर तेवढ्या वेळात निघालेल्या उष्णतेने पृथ्वीच वितळली असती. ही अडचण सृष्टिवादी, म्हणजे बायबलमधली निर्मिती शब्दशः मानणाऱ्या, संशोधकांनी स्वतःच्या अहवालात मान्य केली आहे.

वसईची:
नगरकर, मीही ख्रिस्ती आहे, कॅथलिक. ६,००० हा आकडा बायबलमध्ये कुठेही लिहिलेला नाही. वंशावळ्या आणि राजांच्या कारकिर्दी जुळवून जेम्स अशर या आयरिश आर्चबिशपांनी १६५० साली सृष्टीचं वर्ष इ.स.पू. ४००४ असं काढलं. 'उत्पत्ती' या बायबलच्या पहिल्या पुस्तकात सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो. मग आधीचे तीन 'दिवस' कसे मोजायचे? १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की उत्क्रांती ही आता निव्वळ कल्पना राहिलेली नाही. माझी प्रार्थना त्यामुळे कमी झाली नाही.

नगरकर:
ताई, तुमच्या श्रद्धेबद्दल शंका नाही. पण बायबलमधला पहिला माणूस आदाम खरोखर होऊन गेला नसेल, तर पाप जगात आलं कुठून आणि तारणारा कशासाठी आला? मला थरांपेक्षा ह्याची जास्त काळजी आहे. सेंट हेलेन्सचं उदाहरण मी पुन्हा देणार नाही, पण थर झटपट साचू शकतात हे मला अजूनही पटतं.

खडकवेडा:
आदामाबद्दल मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. थरांचं मात्र आपल्या घाटात बघता येईल. काळ्या बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये जागोजागी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाला, ऊनपावसात त्याचा वरचा भाग कुजून माती झाली, मग पुढचा लाव्हा त्यावर आला आणि माती भाजली गेली. असे पट्टे एकावर एक अनेक आहेत. नोहाच्या वर्षभराच्या पुरात, पाण्याखाली, ही माती तयार व्हायला सवड कुठे होती? या पट्ट्यांत सापडलेल्या झिरकॉन या खनिजाच्या बारीक स्फटिकांचं वय, त्यांतल्या युरेनियमचं किती शिसं झालं हे मोजून काढलंय, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं.

नगरकर:
हे पट्टे मी पाहिलेत, पण ते दगडाचेच समजत होतो. पुढच्या वेळी घाटात गाडी थांबवून हाताने उकरून बघेन. आदामाचं मात्र मी सोडलेलं नाही.